मुलांना काठी शिकवून मला मिळतं काय?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहते. वय ३१. दिवसा एका पतसंस्थेत नोकरी करते. लहानपणी पेठेतल्याच वस्तादांकडे मर्दानी खेळ, म्हणजे काठी, दांडपट्टा असे शस्त्रांचे खेळ शिकले. वर्षापूर्वी त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि लहान मुलांचा वर्ग त्यांनी माझ्यावर सोपवला. रविवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, देवळामागच्या पटांगणात, सहा ते चौदा वयाची तीसेक मुलंमुली येतात.

फी महिन्याला शंभर रुपये. निम्मे पालक देतात, निम्मे विसरतात. काठ्या मीच आणते. शिवजयंती जवळ आली की जो तो विचारतो, "आमच्या पोराला दांडपट्टा कधी देणार?" प्रात्यक्षिकांच्या दिवसांत घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात. त्यात बरीच मुलं दोन-तीन महिन्यांत फुटबॉलला नाहीतर कराटेला निघून जातात. "तिकडं बेल्ट मिळतो," असं तोंडावर सांगून जातात.

एक डावखुरी मुलगी आहे. तिच्यासाठी मी रात्री कपाटाच्या आरशासमोर उभी राहून सगळे पवित्रे डाव्या हातानं बसवते आहे. एक मुलगा शाळेत सारख्या मारामाऱ्या करायचा म्हणून त्याच्या आईनं आणून सोडला. हल्ली तो काठी आवरायला लागलाय. माझा स्वतःचा सात वर्षांचा मुलगा मात्र वर्गाला यायला तयार नाही.

सासूबाई मनानं चांगल्या आहेत. पण परवा जेवताना त्यांनी सरळ विचारलं, "लोकांच्या पोरांना काठी शिकवून तुला मिळतं काय?" मी बोलायला गेले आणि काही सुचलंच नाही. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात घोळतोय. हे सगळं सोडून द्यावं का?

— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर

ताई, नमस्कार.

सोडू नका. सोडण्यासारखं एक काम तुमच्याकडं आहे, पण ते हे नव्हे. त्याच्याकडं नंतर येतो.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा थकलेल्या माणसाचं पत्र वाटलं. परत वाचताना लक्षात आलं की त्यात फीची तक्रार आहे, काठ्यांच्या खर्चाची आहे, पालकांच्या घाईची आणि रात्री अकराची आहे. मुलांना शिकवण्याची तक्रार कुठंच नाही. दिवसभर व्याजाचे आकडे मांडून जी बाई रात्री एका डावखुऱ्या मुलीसाठी आरशासमोर उभी राहते, तिला शिकवण्याचा कंटाळा आलेला नाही. सासूबाईंच्या प्रश्नावर तुमची वाचा बसली, याचं कारण मला वेगळं दिसतं. जे मिळतं ते पानावर बसून एका वाक्यात सांगता येण्यासारखं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्याकडं शब्द असतील.

सुरुवात त्या मारामाऱ्या करणाऱ्या मुलापासून करू. "काठी आवरायला लागलाय" असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले आणि पेठेतल्या वस्तादांच्या कट्ट्यावर बसून मुलांचे वर्गही पुष्कळ पाहिले, त्यामुळं या तीन शब्दांत काय दडलंय ते मला कळतं. दोन मुलं समोरासमोर उभी करायची. एकानं खांद्यावर वार काढायचा आणि काठी खांद्यापासून वीतभर अलीकडं थांबवायची. दुसऱ्यानं डोळे मिटायचे नाहीत, मागं सरायचं नाही. पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटतं. पण काठी जोरात फिरवायला नुसता हात पुरतो, ती थांबवायला अख्खं शरीर लागतं. पाय आधी रोवलेले असावे लागतात, कंबर वेळेवर धरावी लागते, आणि मुख्य म्हणजे काठी सुटायच्या आधीच ती कुठं थांबणार हे मनात पक्कं असावं लागतं. नव्या मुलाची काठी कधी हातभर लांब थांबते, कधी सरळ समोरच्याच्या दंडावर बसते. मग समोरचा रडवेला होतो आणि मारणारा खाली बघतो. असं पुष्कळदा होतं. आणि मग एका संध्याकाळी काठी सूं करून येते आणि खांद्याजवळ जागच्या जागी थांबते. टोकाला नुसती बारीक थरथर राहते. समोरच्याचे डोळे उघडेच असतात. दोघंही आधी एकमेकांकडं बघतात आणि मग तुमच्याकडं.

ज्या मुलाला राग आवरत नाही, त्याला तोपर्यंत प्रत्येक वेळी बाहेरूनच कुणीतरी थांबवलेलं असतं. बाईंचा आवाज, वडिलांचा हात, मुख्याध्यापकांची चिठ्ठी. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा स्वतःच्या हातानं थांबतो, आणि त्याला ते कळतं. तुम्हाला मिळतं ते हे. एका पोराच्या आयुष्यात ही गोष्ट पहिल्यांदा घडताना चार हातांवर तुम्ही उभ्या असता. त्याच्या आईलाही ते दिसत नाही, तिला फक्त पुढं कधीतरी शाळेतून चिठ्ठ्या येणं बंद झाल्याचं जाणवतं.

हे मी भाबडेपणानं म्हणत नाही. अमेरिकेत ट्रुल्सन नावाच्या संशोधकानं १९८६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाट चुकलेल्या किशोरवयीन मुलांचे त्यानं गट केले. एका गटाला तायक्वांदो जुन्या पद्धतीनं शिकवलं, म्हणजे नमस्कार, शांत बसणं, समोरच्याचा मान, आणि मग हातपाय. दुसऱ्या गटाला नुसती मारामारीची तंत्रं शिकवली. तिसऱ्याला साधे खेळ दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली होती आणि दुसऱ्या गटाची चक्क वाढली होती. गट लहान होते, त्यामुळं या एकाच अभ्यासावर सगळा डोलारा उभारू नये. पण वर्ग घेणाऱ्या कुणालाही त्यातली गोष्ट ओळखीची वाटेल. काठी तीच असते, पण ती कशी हातात दिली यावर पोरगं शहाणं होणार की गुंड होणार हे ठरतं. म्हणून मैदानाला हात लावून केलेला नमस्कार, सुरुवातीची सलामी, काठी ओलांडायची नाही हा नियम, आपली काठी आपणच जागेवर ठेवणं, यातलं काहीही वेळ वाचवायला म्हणून गाळू नका. वरवरचं वाटतं तेच मुळातलं शिक्षण आहे. एखादा पालक "नमस्कार-बिमस्कार पुरे, डाव शिकवा," असं म्हणाला, तर त्याला शांतपणे बाजूला घेऊन हे सांगा.

रागीट मुलांबद्दल सगळे बोलतात. मला स्वतःला जास्त माया भित्र्या मुलांची आहे. नाव विचारलं तर जमिनीकडं बघून सांगणारी मूर्ती प्रत्येक वर्गात असते. तिला काठी देण्याआधी मोजणी द्या. पवित्र्याचे आकडे सगळ्या वर्गासाठी तिनं मोठ्यानं म्हणायचे. पहिले काही दिवस मागच्या रांगेला ऐकू जात नाही, रांग चुकते, आणि रांग चुकली की मुलं आपणहून ओरडतात, "मोठ्यानं म्हण की!" तिच्या आवाजावर तीस पायांचा ठेका पडायला लागला की ती मुलगी दुसरीच दिसायला लागते. तिथं एक सावधगिरी मात्र हवी. दहा वर्षांच्या मुलीनं काठी शिकली म्हणजे ती मोठ्या माणसाशी दोन हात करेल, असं तिच्या आईला चुकूनही वाटू देऊ नका. मुलींना स्पष्ट शब्दांत सांगा की अंगावर कुणी आलं तर आधी ओरडायचं, पळायचं आणि घरी येऊन सगळं सांगायचं. ओरडायला आवाज लागतो, आणि तो तुमच्या वर्गात तयार होतोय. एवढं खरं आहे आणि तेवढंच सांगावं.

आता तुमच्या स्वतःच्या कलेचं. लहानपणी शिकलेली गोष्ट अंगात मुरते आणि मग ती आपण कशी करतो हेच आपल्याला सांगता येत नाही. सहा वर्षांचं पोर विचारतं, "ताई, डावा पाय आधी का?" आणि आपण गप्प होतो. मग घरी जाऊन स्वतःच करून बघतो, आणि इतक्या वर्षांत न उमगलेलं कारण सापडतं. जपानमधल्या ओकिनावा बेटावर हेच घडलं होतं. तिथं कराटे मोठी माणसं खाजगीत शिकायची. अंको इतोसू नावाच्या गुरूंनी १९०१ च्या सुमारास ते शाळेत नेलं. जुने लांबलचक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, शाळकरी मुलांना झेपेनात, म्हणून त्यांनी 'पिनान' नावाचे पाच आटोपशीर काता बांधले. १९०८ मध्ये त्यांनी सरकारला पत्र लिहून शाळांमधून कराटे शिकवण्याची बाजू मांडली. पुढं हे काता जगभर गेले. तुमच्याकडची जी मुलं बेल्टसाठी कराटेला गेली, ती बहुधा तिथं यांच्यापैकीच एकानं श्रीगणेशा करत असतील. लहान मुलांना जमावं म्हणून एका म्हाताऱ्या गुरूनं घेतलेली मेहनत अशी कराटेच्या गाभ्यात जाऊन बसली. तुम्ही आरशासमोर डाव्या हातानं पवित्रे बसवताय ते याच जातीचं काम आहे. त्या मुलीच्या निमित्तानं तुमची काठी दोन्ही अंगांनी तयार होते आहे. वस्तादांना एकदा करून दाखवा, बघा ते काय म्हणतात.

बेल्टचा विषय निघालाच आहे. बेल्टवर रागावू नका. ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो स्वतः हाडाचे शिक्षक होते, पुढं प्राचार्य झाले, आणि काळ्या बेल्टची प्रथा त्यांच्याकडूनच आली. लहान मुलाला आपण कुठवर आलो हे डोळ्यांना दिसायला हवं असतं. आपल्या खेळात पायऱ्या आहेतच, फक्त आपण त्या मुलांना दाखवत नाही. मोकळ्या हातांचे पवित्रे, एकेरी काठी, मग जोडीची काठी, फरी-गदका (ढाल आणि छोटी काठी), आणि नंतर बाकीची हत्यारं. तुम्ही पतसंस्थेत काम करता, तेव्हा प्रत्येक मुलाला पासबुकासारखी एक छोटी वही करा. काय जमलं, कोणत्या तारखेला जमलं, आणि खाली तुमची सही. महिन्यातून एकदा वस्तादांना खुर्ची टाकून बसवा आणि त्यांचीही सही घ्या. मुलं ती वही उशाशी घेऊन झोपतील. वस्तादांच्या रिकाम्या संध्याकाळींचं काय होत असेल, याचाही विचार यात आहे.

आणि जी जातात त्यांना जाऊ द्या. आपल्या कोल्हापुरात एकेक तालीम म्हणजे कुस्ती, गणपती आणि फुटबॉल असा सगळाच संसार असतो. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की मोठी माणसं दुकान बंद करून जातात, तर दहा वर्षांच्या पोराचा काय दोष? दोन महिन्यांत तो रांगेत उभं राहायला आणि पडल्यावर हात झटकून उठायला शिकून गेला असेल, तर तुमचं काम झालं. ते फुटबॉलमध्ये कामी येईल. कुठं शिकला हे त्याच्या लक्षात राहो न राहो.

पट्ट्याची पालकांना एवढी घाई का, हे मला कळतं. प्रतापगडावर १६५९ मध्ये जिवा महालांनी सय्यद बंडाचा वार अडवला ती गोष्ट इथल्या पोरांना अ आ ई च्या आधी येते. त्यात २०२४ मध्ये सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. पोराच्या हातात पट्टा दिसला की आईबापांचा ऊर भरून येतो. पण पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळं मनगट वळत नाही. सगळी हालचाल खांद्यातून आणि कमरेतून काढावी लागते, आणि लवचीक लांब पातं स्वतःच्याच अंगाभोवती फिरत असतं. ज्या मुलाच्या खांद्यात अजून ताकद भरलेली नाही, त्याच्या हातात ते देणं म्हणजे त्याच्या कानाशी आणि शेजारच्याच्या डोळ्याशी खेळ आहे. तेव्हा वय आणि पायरी ठरवून टाका, कागदावर लिहून देवळाच्या भिंतीवर लावा, आणि नगरसेवकाचा मुलगा असला तरी त्यात बदल करू नका. एकदा एकाला सूट दिलीत की तो नियम संपला.

सुरक्षिततेबद्दल थोडं लिहितो, कारण पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केला नाही. तीस मुलं आणि शिकवणाऱ्या तुम्ही एकट्या, हे मला पटत नाही. काठी फिरते तेव्हा प्रत्येक मुलाभोवती दोन काठ्यांएवढी मोकळी जागा हवी. तेवढं पटांगण नसेल तर निम्म्यांनी काठी फिरवायची, निम्म्यांनी बसून मोजायचं. काठी मुलाच्या उंचीपेक्षा मोठी नको, आणि तडकलेली काठी त्याच दिवशी बाद करायची, कारण तिची चीर हाताला आणि डोळ्याला लागते. मुलांच्या जोडीकामात डोक्यावरचा वार पूर्ण बंद ठेवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये मुलांच्या मार्शल आर्ट्सबद्दल जी शिफारस केली, तिचाही रोख हाच आहे. स्पर्श न करता शिकायचे प्रकार मुलांना बऱ्यापैकी सुरक्षित आहेत, धोका डोक्यावरच्या माराचा आहे. रोज आळीपाळीनं एका पालकानं वर्गात बसायचं, असा नियम करा. जखम झाली तर मदत होते, कुणाच्या मनात शंका राहत नाही, आणि फुकटचे सल्ले देणारे पालक एक संध्याकाळ बसले की आपोआप गप्प होतात. मूल उभं कसं राहतं ते दुरुस्त करताना हात लावण्याआधी त्याला सांगायचं, ही सवयही लावून घ्या. तेरा-चौदा वर्षांची दोघं-तिघं निवडून त्यांना लहानग्यांच्या रांगा द्या. शिकवायला लागलं की त्यांचीही काठी सुधारते.

आता सोडण्यासारखं काम. तुमचा वर्ग सहा ते साडेसात असतो, घरी यायला अकरा वाजतात ते वर्गामुळं नव्हे. ते प्रात्यक्षिकांमुळं. मिरवणूक उशिरा निघते, हलगी-घुमक्याच्या आवाजात पोरं चौकात ताटकळत उभी असतात, पाहुणे आले की परत एकदा काठी फिरवून दाखवायची, कुणीतरी मोबाइल धरून "अजून एकदा, अजून एकदा" म्हणत असतो. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत डुलक्या घेतात आणि तुम्ही काउंटरवर. प्रात्यक्षिकांचा मला तिटकारा नाही. परंपरेच्या शिवजयंतीला वैशाखात आपल्या पेठेत मुलांनी काठी फिरवावी, ते त्यांच्या हक्काचं आहे. दसऱ्याला चौकात संधी मिळाली तर तीही घ्यावी. पण लग्नाची वरात, पुढाऱ्याचा वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, या सगळ्यांना लहान मुलांचा वर्ग म्हणजे घरचं पथक वाटायला लागलं की शिकवणं मागं पडतं. मग मुलांना डाव येतो की नाही यापेक्षा तो दिसतो कसा याला भाव येतो, आणि पट्ट्याची घाईही तिथूनच येते. वस्तादांना विश्वासात घ्या आणि हे काम थोरल्या मुलांच्या पथकाकडं सोपवा. लहान वर्गासाठी वर्षाला दोन कार्यक्रम, रात्री आठच्या आत मुलं घरी. वस्ताद नाराज होतील अशी भीती वाटत असेल, तर मला नाही वाटत तसं होईल. तीस मुलांची संध्याकाळ ज्यांनी विश्वासानं तुमच्या हाती दिली, त्यांना तुम्ही टिकून राहावं असंच वाटत असणार. रोजचा वर्गही आठवड्यातून चार दिवसांवर आणलात तर काही बिघडणार नाही.

पैशांचं थोडक्यात. फी घेणं म्हणजे विद्या विकणं असं वाटून तुम्ही पालकांकडं मागायला लाजताय, असा माझा अंदाज आहे. लाजू नका. पहिल्या आठवड्यात फी, काठी ज्याची त्यानं आणायची, आणि ज्याला परवडत नाही त्यानं फक्त तुम्हाला येऊन सांगायचं. त्याची वर्गात वाच्यता होणार नाही. फी गोळा करायचं काम एखाद्या हुशार आईकडं द्या. तुम्ही पदरचे पैसे घालणं बंद केलंत की सासूबाईंच्या प्रश्नातला निम्मा काटा निघेल.

उरलेला निम्मा बोलून निघणार नाही. त्यांना वर्गाला घेऊन या. कार्यक्रमाला नको, साध्या मंगळवारी-बुधवारी, जेव्हा पोरं चुकतात आणि परत करतात. कट्ट्यावर सतरंजी टाका, शेजारी एखादी ओळखीची आजी बसवा. त्या मारामाऱ्या करणाऱ्या मुलाची आई भेटली तर तिला बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. सून काय करते हे त्यांनी अजून बहुधा पाहिलेलंच नाही, त्यांना फक्त सून घरी नाही एवढं दिसतं. आणि सहा ते आठ या वेळात घरचं जे काही अडतं ते त्यांच्याच अंगावर पडत असेल, तर त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नवऱ्यानं भाकरीचं पीठ मळण्यात आहे, तुम्ही वर्ग सोडण्यात नाही.

या शहराची एक गोष्ट त्यांना सांगा. पेठेतल्या जुन्या माणसांना ती माहीत असतेच. पैलवान खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. घर गहाण टाकलं तेव्हा पदक कुणी पाहिलेलं नव्हतं. खर्डेकरांसमोर फक्त एक विद्यार्थी होता. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधून घेतलं, ते आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे. लोकांच्या पोरांसाठी खस्ता खाणं हे या गावात नवीन नाही. तुमच्या तीस मुलांतून कदाचित एकही पदकवीर निघणार नाही, आणि ते मोजून तुम्ही वर्ग घेऊही नका.

तुमच्या मुलाला आग्रह करू नका. त्याला आई हवी आहे, आणि त्या दीड तासात ती तीस जणांची ताई असते. एक संध्याकाळ फक्त त्याची ठेवा, काठीचा विषय न काढता. उद्या त्याला चित्रकला आवडली तर रंग आणून द्या.

डावखुऱ्या मुलीसाठी एक युक्ती सांगतो, आरशापेक्षा सोपी आहे. बाकी मुलांकडं पाठ करून तुम्ही दाखवता, म्हणजे त्यांना तुमचा उजवा हात उजव्याच बाजूला दिसतो. तिला शिकवताना मात्र तिच्या समोर तोंड करून उभ्या राहा आणि नेहमीसारखी उजव्या हातानं काठी फिरवा. तिनं तुमच्या प्रतिबिंबासारखी नक्कल केली की तिचा डावा हात आपोआप बरोबर चालतो. जोडीकामात तिच्यासमोर चांगला तयार मुलगा द्या, कारण डाव्या हाताचा वार अनोळखी बाजूनं येतो आणि कच्चं मूल गडबडतं.

आणि पावसाळ्याचं बघून ठेवा. जून ते सप्टेंबर पटांगणात चिखल असणार, पाय घसरतात, आणि वर्ग बंद पडला की परत जमवायला दिवाळी उजाडते. जवळच्या शाळेचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो. मुख्याध्यापकांना वस्तादांच्या सहीचा अर्ज मे महिन्याच्या सुट्टीआधीच द्या. शाळा उघडली की हॉल मागायला रांग लागते.